वाचकांचे प्रश्न : स्कूबाच्या साहित्याची निगा

स्कूबा डायव्हिंगचं साहित्य कसं सांभाळावं, याविषयी आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. पुढे वारंवार येणारा रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली दाबाखालची हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र. त्याचा फर्स्ट स्टेज सिलिंडरला बसतो, सेकंड स्टेज तोंडात धरतात आणि दोन्ही होजने, म्हणजे नळीने, जोडलेले असतात. पर्ज बटण सेकंड स्टेजवर असतं.

प्रश्न : प्रत्येक डाइव्हनंतर रेग्युलेटर गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवतो, पर्ज बटण दाबून आतूनही धुतो. तरी सर्व्हिसला उघडल्यावर फर्स्ट स्टेजमध्ये हिरवा थर निघाला. एवढं धुऊनही गंज कसा?

धुण्यामुळेच. हिरवा थर म्हणजे पितळेच्या भागांना लागलेलं खारं पाणी. फर्स्ट स्टेजच्या आत हे पाणी सहसा दोन वाटांनी शिरतं. त्यातली एक तुम्हीच लिहिली आहे.

सेकंड स्टेजचं पर्ज बटण दाबलं की आतला लिव्हर खाली जातो आणि व्हॉल्व्ह सीटवरून (तो टेकतो त्या जागेवरून) उचलला जातो. सिलिंडर जोडलेला असेल तर त्या फटीतून हवा बाहेर येते. दाब नसेल तर त्याच फटीतून बादलीतलं पाणी होजमध्ये शिरतं आणि होजवाटे फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. त्या बादलीत दहा जणांची किट आधीच बुडवून झाली असतील, तर ते पाणी गोडं तरी कुठे राहिलेलं असतं?

दुसरी वाट फर्स्ट स्टेजच्या तोंडावर बसणाऱ्या डस्ट कॅपची. कॅपच्या आत थेंब असताना ती बसवली की तो थेंब तोंडाशी असलेल्या फिल्टरवर थेट जातो. सिलिंडरच्या हवेचा झोत मारून कॅप वाळवण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण झोत जरा तिरका गेला की पाणी इनलेटमध्येच उडतं. कोरड्या फडक्याने पुसणं बरं. डिन जोडणीच्या (सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणाऱ्या) बऱ्याच प्लास्टिक कॅप पाणीबंद नसतात, त्या फक्त धूळ अडवतात. असा फर्स्ट स्टेज दाबाशिवाय पाण्यात बुडवायचाच नाही.

सगळ्यात चांगली रीत म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, व्हॉल्व्ह उघडून, दाबाखाली धुणं. मग पर्ज हवं तेवढं दाबा. ते जमत नसेल तर कॅप घट्ट बसवा आणि कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी ५० अंश सेल्सिअसच्या आतलं असावं आणि पर्जला हात लावू नये. नंतर माउथपीसमधून पाण्याची हलकी धार सोडा म्हणजे ती एक्झॉस्टवाटे (सोडलेला श्वास बाहेर पडतो त्या वाटेने) वाळू आणि मीठ घेऊन बाहेर पडेल. नळाचा जोरदार फवारा नको. धुताना फर्स्ट स्टेज वरच्या बाजूला धरावा. पिस्टन जातीच्या फर्स्ट स्टेजला बाजूने भोकं असतात, त्यांतून पाणी खेळू द्या, कारण मीठ तिथेच साठतं. मीठ वाळण्याआधी धुणं महत्त्वाचं. एकदा स्फटिक धरले की नुसत्या विसळण्याने ते सुटत नाहीत, भिजवावंच लागतं.

चुकून पाणी आत गेलंच तर लगेच सिलिंडरला जोडून पर्जमधून थोडा वेळ हवा सोडा. बहुतेक पाणी निघून जाईल. पण पाणी खारं असेल तर रेग्युलेटर उघडून साफ करून घेण्याला पर्याय नाही.

सर्व्हिसनंतर जुना फिल्टर मागून घेत जा. तो हिरवा असेल तर वर सांगितलेली चूक झालेली असते. लालसर तपकिरी असेल तर गंज तुमच्या रेग्युलेटरचा नसून कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरमधला. पांढरी पूड ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधून येते आणि काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या कार्बन फिल्टरमधून. शेवटच्या दोन्ही बाबतींत हवा जिथून भरता तिथे चौकशी करा.

प्रश्न : वर्षाकाठी माझ्या मोजक्याच डाइव्ह होतात. तरी दरवर्षी सर्व्हिस करायची, हा दुकानदारांचा धंदा नाही का?

थोडाफार आहेही. काही उत्पादक १ वर्ष किंवा १०० डाइव्ह यांपैकी जे आधी होईल ते सांगतात, काही २ वर्षांची मुदत देतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल तो आकडा पाळा. मात्र ‘वापरलंच नाही’ हे कारण चालत नाही. कपाटात पडून ओ-रिंग (जोड बंद करणाऱ्या रबरी कड्या) कडक होतात आणि सीटवर दाबाची खोबण पडलेली असते ती तशीच राहते.

मधल्या काळात दोन तपासण्या घरी करता येतात. पहिलीला काहीच लागत नाही. सिलिंडर न जोडता, कॅप घट्ट बसवून सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. थोडी हवा येऊन मग पूर्ण अडकली पाहिजे. सतत झिरपत राहिली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळूचा कण आहे, डायफ्रॅम (सेकंड स्टेजमधला लवचीक पडदा) फाटला आहे किंवा माउथपीसला झिपटायखाली चीर गेली आहे. पाण्यात याच वाटेने तोंडात पाणी येतं.

दुसरीला मधला दाब मोजणारं छोटं गेज लागतं. ते बीसीडीच्या (पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जाकिटाच्या) इन्फ्लेटर होजला, म्हणजे त्यात हवा आणणाऱ्या नळीला, बसतं. फर्स्ट स्टेज सिलिंडरचा दाब बहुतेक मॉडेलमध्ये भोवतालच्या दाबापेक्षा ९ ते १० बार (बार हे दाबाचं एकक, पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे १ बार) जास्त इतका खाली आणतो, आणि तिथे तो थांबला पाहिजे. सेकंड स्टेज जोडलेला ठेवूनच व्हॉल्व्ह उघडा. पर्ज चार-पाच वेळा हलकेच दाबा आणि काटा पाहत राहा. काटा खाली जाऊन परत येतो आणि थबकतो. थबकल्यावरही तो पाच मिनिटांत हळूहळू वर सरकत राहिला तर हाय-प्रेशर सीट झिजलेली आहे. असा रेग्युलेटर आधी किंचित सुसू करतो आणि पुढे सेकंड स्टेजमधून अखंड हवा सोडू लागतो. सेकंड स्टेजचा स्क्रू आवळून तो आवाज बंद करणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, दोष फर्स्ट स्टेजमध्ये आहे.

आणि सर्व्हिसहून आलेला रेग्युलेटर थेट खोल पाण्यात नेऊ नका. नवी सीट बसायला वेळ लागतो, जोडणीत माणसाची चूकही राहते. पहिली डाइव्ह उथळ पाण्यात करा.

प्रश्न : हवा तपासताना श्वास घेतला की गेजचा काटा किंचित खाली जाऊन परत वर येतो. गेज खराब आहे का?

सिलिंडरचा दाब दाखवणारं तुमचं गेज बहुधा ठीक आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. अरुंद फटीतून हवा तुमच्या श्वासाच्या वेगाने येत नाही, म्हणून फर्स्ट स्टेजमधला दाब क्षणभर पडतो. पृष्ठभागावर तरीही श्वास नीट येतो आणि फसगत होते ती इथेच. ३० मीटरवर भोवतालचा दाब ४ बार असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते आणि ती त्या फटीतून मिळत नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मग पाव फेरा मागे आणण्याची जुनी शिकवण या गोंधळाला हातभार लावते. बंद करून पाव फेरा उघडलेला आणि उघडून पाव फेरा मिटलेला, हाताला दोन्ही सारखेच लागतात. पूर्ण उघडा आणि तसाच ठेवा. त्यानंतरही काटा हलत असेल तर फिल्टर तुंबला आहे, डाइव्ह रद्द. काटा पाहत चार-पाच जोराचे श्वास घ्यायची सवय लावून घ्या. व्हॉल्व्ह उघडताना मात्र गेजची काच चेहऱ्यापासून दुसरीकडे वळवलेली असावी.

प्रश्न : बीसीडीचं हवा भरायचं बटण सोडलं तरी हवा भरतच राहते. धुऊन चालेल की बदलावं?

आधी पाण्यातलं सांगतो. असं झालं की इन्फ्लेटरचा क्विक-डिस्कनेक्ट होज ओढून काढायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने डम्प व्हॉल्व्हने हवा सोडायची. बटणाशी झटापट करत बसलात तर तोवर तुम्ही वर फेकले जाल. होज काढण्याचा सराव हातमोजे घालून करा. होजच्या जोडावरची कॉलर मिठाने आवळली असेल तर ती ऐनवेळी सरकत नाही.

कारण बहुधा मीठ किंवा वाळू. इन्फ्लेटर कोमट पाण्यात भिजवा, बटण शंभरेक वेळा दाबा, मग सिलिंडर जोडून पाहा. तरी अडकत असेल तर आतले भाग बदलून घ्या. पाण्यात एकदा अडकलेलं बटण सर्व्हिस न करता पुन्हा वापरू नये.

ब्लॅडरही (बीसीडीची आतली हवेची पिशवी) आतून धुवावा लागतो, कारण डाइव्हमध्ये इन्फ्लेटरच्या तोंडाच्या वाटेने पाणी शिरतंच. एक-तृतीयांश गोडं पाणी भरा, हवा फुंका, उलटसुलट हलवा आणि खालच्या डम्प व्हॉल्व्हमधून काढून टाका. असं दोन-तीनदा. मग सावलीत, थोडी हवा भरून टांगा. पूर्ण फुगवून रात्रभर ठेवलेला बीसीडी सकाळी मऊ लागला तर साबणाच्या पाण्याने डम्प व्हॉल्व्ह आणि शिवणी तपासा.

प्रश्न : मोसम संपल्यावर सिलिंडर भरलेला ठेवावा की रिकामा?

दोन्ही नको. १० ते २० बार ठेवा. पूर्ण रिकामा ठेवला तर उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते. स्टीलच्या ओलसर सिलिंडरमध्ये हवा महिनोन्महिने पडून राहिली तर गंज तिच्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो. गेज दाब दाखवतं, पण हवा श्वास घेण्याजोगी राहिलेली नसते. म्हणून जुनी हवा सोडून नव्याने भरून घ्यावी. उभा आणि बांधून ठेवा. तळाचं प्लास्टिकचं बूट काढून आतलं खारं पाणी धुवा, स्टील तिथेच सडतं.

पाणी आत जातं ते बहुतेक वेळा भरताना. व्हॉल्व्हच्या तोंडाशी उरलेला थेंब २०० बारने आत ढकलला जातो. म्हणून भरण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंड फुंकून घ्यावं. तुमच्यासमोर कोणी तसं करत नसेल तर करायला सांगा. आतून पाहणी बऱ्याच ठिकाणी दरवर्षी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी दर ५ वर्षांनी करतात. मुदत देशागणिक बदलते, चाचणीची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. आगीत सापडलेला किंवा रंग भट्टीत भाजलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर मोडीत काढा, उष्णतेने धातूची ताकद जाते.

जुना घेत असाल तर एक धोका डोळ्यांना दिसत नाही. एम२५×२ (मेट्रिक मापाच्या) आट्यांचा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या गळ्यात फिरत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली गोळीसारखा सुटतो. याने माणसं गेली आहेत. गळ्यावर आणि व्हॉल्व्हवर कोरलेली आट्यांची खूण जुळत असल्याशिवाय भरू नका.

प्रश्न : ओ-रिंगला घरातलं व्हॅसलिन चालेल का?

नाही. पेट्रोलियमने रबर फुगतं, आणि उच्च दाबाच्या ऑक्सिजनशी गाठ पडली तर ते पेटतं. साध्या हवेसाठी सिलिकॉन ग्रीस, तेही चमक येण्यापुरतंच. सिलिकॉनच्या भागांना मात्र ते लावू नका, ते भाग फुगतात. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनसाठी, किंवा ज्या सिलिंडरमध्ये मिश्रण करताना आधी शुद्ध ऑक्सिजन भरतात त्याच्या व्हॉल्व्हसाठी, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस आणि ऑक्सिजन-क्लीन केलेले (तेल-ग्रीसचा अंश काढून साफ केलेले) भागच हवेत.

प्रश्न : नवा मास्क सारखा धुकटतो.

काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर आहे. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून तीन-चार वेळा घासा. काचेला लेप असेल किंवा ती प्लास्टिकची असेल तर नको.

प्रश्न : होज कधी बदलायचे? बाहेरून तर माझे ठणठणीत दिसतात.

होज-प्रोटेक्टर मागे सरकवून पाहा. होज धातूच्या टोकात शिरतो ती जागा तिथे झाकलेली असते, आणि चीर, फुगवटा, हिरवा गंज तिथूनच सुरू होतात. होज हाताने वाकवल्यावर बारीक भेगा उघडत असतील तर आजच बदला. रबर विजेच्या मोटारीजवळ ठेवू नका, तिथल्या ओझोनने ते तडकतं.

विणलेल्या आवरणाच्या लवचीक होजचं दुखणं वेगळं. काही होजमध्ये आतली प्लास्टिकची नळी उष्णता आणि दमटपणाने विघटित होऊन तिच्यात पिवळसर स्फटिक धरतात आणि हवेची वाट तुंबते. बाहेरून विणकाम नव्यासारखं असतं. श्वास ओढायला जड वाटू लागला किंवा सेकंड स्टेजमध्ये पिवळे कण दिसले तर तो होज वापरातून काढा. नवा होज जोडताना फर्स्ट स्टेजवरचं पोर्ट पाहून घ्या. आताच्या रेग्युलेटरवर हाय-प्रेशर पोर्टचं भोक मोठं असतं, त्यामुळे चूक होत नाही. काही जुन्या मॉडेलवर मात्र दोन्ही पोर्ट एकाच मापाची आहेत. तिथे लो-प्रेशर होज ‘एचपी’ (हाय-प्रेशर) लिहिलेल्या पोर्टला लागला तर व्हॉल्व्ह उघडताच फुटेल.