बाळाचे लंगोट: कापड आणि शिवण

प्रश्न: लेक पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. घरात जुनी लुगडी, दोन साड्या आणि नवं फ्लॅनेल आहे. लंगोट कशाचे शिवू, किती शिवू? (वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर: आधी लुगडी घ्या. धुऊन धुऊन त्यांची खळ निघालेली असते, कापड मऊ पडलेलं असतं. साड्या सुतीच आहेत याची मात्र खात्री करा. एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळा. जळक्या कागदाचा वास आला, राख बोटात चुरली, तर सूत. टोकाला कडक मणी झाला, तर त्यात पॉलिस्टर आहे. ते ओल शोषत नाही, लंगोटाला नको.

कापड उजेडासमोर धरा आणि विरलेला भाग काढून टाका, नाहीतर शिवण राहते आणि शेजारचं कापड फाटतं. जरीचे काठही काढा. साडेपाच मीटर साडीचा काठ काढून 100 सेंमी पन्हा उरला, तर 50 सेंमीचे 22 चौकोन निघतात. दुपदरी शिवले की 11 लंगोट. तान्हं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं. रोज धुणं होत असेल तर 24 पुरतात, पावसाळ्यात 36 ठेवा.

फ्लॅनेल कापण्याआधी गरम पाण्यात तीनदा धुऊन वाळवा. ते आटतं, आणि नव्या कापडावर पाणी ठरतं. थेंब टाकून बघा: लगेच जिरला तरच कात्री लावा.

प्रश्न: महिनाभरात लंगोट पापडासारखे कडक झाले. लघवी शोषत नाहीत, बाजूने ओघळते. कापड खराब निघालं का? (वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर: कापडाचा दोष दिसत नाही, तुमच्या पाण्याचा आहे. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट असतं, बऱ्याच ठिकाणी जडही. जड पाण्यात वडीच्या साबणाला फेस येत नाही, त्याची साय होऊन धाग्यावर बसते आणि त्या थरातून ओल आत जात नाही. लंगोटांना वडी बंद करा, डिटर्जंट पावडर वापरा, तीही बेतानं. आत्ताचे लंगोट साबण न घालता गरम पाण्यात खळबळा. पाणी गढूळ किंवा फेसाळ यायचं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या गोड पाण्यात करा. नीळ, खळ, कपडे मऊ करणारं द्रव्य, काही घालू नका. शी मात्र आधी थंड पाण्यानं काढा, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो.

प्रश्न: रात्री दुपदरी लंगोट पुरत नाही. चार पदर एकत्र शिवले तर आतून वाळत नाहीत. काय करावं? (वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर: पदर वाढवा, पण सुटे ठेवा. जुन्या सुती टर्किश टॉवेलची 36 बाय 24 सेंमी पट्टी कापा, लांबीत मधोमध दुमडा, कडा शिवा. 36 बाय 12 ची घडी होईल. ती लंगोटाच्या मध्यावर फक्त एका आखूड टोकाला टाचा. वाळत घालताना ती खाली लोंबते, दोन्ही बाजूंनी वारा लागतो. मशीनला 16 नंबरची सुई लावा, टाका लांब ठेवा. बारीक सुई जाड पदरांत वाकते, टाके सुटतात. जांघेत येणाऱ्या कडेला जाड दुमड नको, तिथे कातडी सोलवटते. वरून प्लास्टिकची चड्डी घालू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्या आत घाम कोंडून पुरळ येतं. बाळाखाली रबरी कापड आणि त्यावर सुती दुपटं घाला.