मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीतली ‘इफ’ची वाक्यं कशी शिकवावीत?

तुम्ही लिहिलंय की नववीच्या मुलांनी ‘इफ’च्या तिन्ही प्रकारांची सूत्रं पाठ केलीत, गाळलेल्या जागाही बरोबर भरतात, पण स्वतःचं वाक्य लिहायला सांगितलं की ‘इफ आय विल गो’ नाहीतर ‘इफ आय वुड हॅव स्टडीड’. मी दापोलीकडे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझं ठाम मत आहे की सूत्रं काही दिवस बाजूला ठेवावीत आणि आधी मराठी वाक्याकडे नीट बघावं. या चुका मराठीच्या सवयीतून येतात, आणि सवय कळली की चूक कुठे होणार हे आधीच सांगता येतं.

‘पाऊस पडला तर बोटी जाणार नाहीत.’ पाऊस अजून पडायचाय, तरी आपण ‘पडला’ म्हणतो. हे तसंच उतरवलं की ‘इफ इट रेन्ड, द बोट्स विल नॉट गो’ होतं. जरा सावध मूल विचार करतं की गोष्ट उद्याची आहे, म्हणजे ‘विल’ हवंच, आणि ‘इफ इट विल रेन’ लिहितं. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ लागतो, ‘इफ इट रेन्स’. पण या ‘पडला’चा फायदाही आहे. रूप भूतकाळाचं असलं म्हणजे गोष्ट भूतकाळातलीच असते असं नाही, हे मराठी मुलाला न शिकवता ठाऊक असतं. पुढे ‘इफ आय हॅड अ बोट’मधला ‘हॅड’ समजावताना हेच उदाहरण कामाला येतं.

‘वुड हॅव’ दोनदा येतं त्याचं कारणही मराठीतच सापडतं. ‘अभ्यास केला असता तर पास झालो असतो’ यात ‘असता-असतो’ दोन्हीकडे आहे, म्हणून मुलं इंग्रजीतही दोन्हीकडे तेच घालतात. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिते आणि ‘तर’नंतर उभी रेघ मारते. ‘विल’ आणि ‘वुड’ फक्त रेघेच्या उजवीकडे. नम्र विनंतीसारखे अपवाद आहेत, पण ते नववीत नकोत. आपण ‘जर’ गाळतो आणि ‘तर’ ठेवतो, इंग्रजीत ‘इफ’ ठेवून ‘देन’ गाळलं तरी चालतं, हेही त्याच वेळी सांगून टाकावं.

खरी अडचण पुढे आहे. ‘बापूकडे होडी असती तर तो मासे मारायला गेला असता.’ हे आजबद्दल की गेल्या वर्षीबद्दल? मराठीत दोन्ही चालतं, बोलण्याच्या ओघात कळतं. इंग्रजीत ठरवावंच लागतं. आजचं असेल तर ‘इफ बापू हॅड अ बोट, ही वुड गो’, गेल्या वर्षीचं असेल तर ‘इफ बापू हॅड हॅड अ बोट, ही वुड हॅव गॉन’. ‘हॅड हॅड’ ऐकून वर्ग हसतो, हसू द्यावं, लक्षात राहतं. म्हणून भाषांतर करण्याआधी प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे अजून होऊ शकतं का? नसेल, तर गोष्ट आत्ताची की होऊन गेलेली? उत्तरं मराठीतच द्यायची. प्रकाराचा नंबर विचारूच नका.

यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडतो तो आंबा. एकच गोष्ट वर्षात तीन वेळा बोलायची. डिसेंबरच्या सुरुवातीला सगळी बागायतदार मंडळी थंडीची वाट बघत असतात, तेव्हा वाक्य येतं ‘इफ इट गेट्स कोल्ड, द ट्रीज विल फ्लॉवर’. महिन्याच्या शेवटीही उकाडाच असेल तर ‘इफ इट वेअर कोल्ड नाऊ, द ट्रीज वुड फ्लॉवर’. आणि मेच्या सुट्टीआधी, पेट्या कमी भरल्या असतील तर ‘इफ इट हॅड बीन कोल्ड इन डिसेंबर, द ट्रीज वुड हॅव फ्लॉवर्ड’. झाड तेच, थंडी तीच, बदलली ती फक्त आशा. ज्या मुलाच्या घरी कलमं आहेत त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, तो त्याने घरच्यांच्या तोंडून ऐकलेला असतो. एकदा वर्गातल्या एका मुलीने आपणहून पुढचं वाक्य जोडलं, ‘वी वुड हॅव मोअर मँगोज नाऊ’. अट गेलेल्या काळातली, परिणाम आजचा. पुस्तकं याला मिश्र प्रकार म्हणतात आणि शेवटी ढकलतात. तिला ते नाव माहीत नव्हतं आणि गरजही नव्हती.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळावर वाक्यं करून घ्यावीत असं सुचवणारे भेटतात. मी तो विषय देत नाही. आमच्याकडे नारळी-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या, आणि ‘वादळ आलं नसतं तर’ हे काही घरांत व्याकरणाचं वाक्य नाही. मुलाने स्वतःहून लिहिलं तर मात्र जरूर वाचते आणि तिथे लाल पेन वापरत नाही. त्याऐवजी कोकण रेल्वे द्या. ती 1998 साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधी. ‘ती झाली नसती तर?’ एवढंच विचारलं तरी मुलं भरभरून लिहितात.

नेहमी खरं असणाऱ्या गोष्टींना वेगळा तास लागत नाही. ‘पौर्णिमा असली तर उधाण येतं’ यात ‘इफ’च्या जागी ‘व्हेन’ बसतं, म्हणून दोन्हीकडे वर्तमानकाळ. ‘अनलेस’ म्हणजेच ‘इफ नॉट’, ते मात्र घोटून घ्या, परीक्षेत वाक्य बदलायला सांगतात आणि मुलं त्याच्यामागे आणखी एक ‘नॉट’ लावतात. तक्ता हवाच असेल तर शेवटी, मुलांनी स्वतः लिहिलेल्या वाक्यांतून काढा. आणि त्यात न बसणारं एखादं वाक्यही दाखवा. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावाबद्दल कुणी म्हटलं, ‘इफ ही वॉज ॲट द ऑक्शन येस्टरडे, ही सॉ द बिग सुरमई’, तर तो खरोखरचा भूतकाळ आहे, आणि वाक्य अगदी बरोबर आहे.