नाद नकाशाचा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करतो. दर पावसाळ्यात पेपरात 'हे बंधारे पाण्याखाली' अशी नदीवार यादी येते. ती नकाशावर दाखवणारं एक पान हौसेखातर करायचं आहे. मित्र म्हणतो, सिमँटिक वेब, म्हणजे यंत्रालाही अर्थ कळेल अशी जोडलेली माहिती, शीक. एक्सेल पुरणार नाही का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : यादीपुरतं एक्सेल पुरतं, मित्राला काय वाटायचं ते वाटू दे. पण यादी भरायला बसलात की लगेच अडकाल. भोगावतीवर 'सरकारी कोगे' आणि 'खडक कोगे' असे दोन बंधारे आहेत. बातमीत नुसतं 'कोगे' आलं तर कुठला धरणार? 'चिखली' म्हणजे आपली प्रयाग चिखली, की कागलकडची वेदगंगेवरची? नावावरून जोड्या लावणारा नकाशा पहिल्याच मोठ्या पावसात तोंडावर आपटतो. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याला क्रमांक हवा, आणि तो तुमच्या घरचा नको. विकिडेटा हा विकिपीडियाच्या घरातला, कुणालाही भरता येणारा माहितीसाठा. २०१२ साली सुरू झालेल्या या विकिडेटावर प्रत्येक नोंदीला 'क्यू'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, तो धरा. बंधाऱ्याची नोंद नसेल तर संदर्भासह स्वतः करा.

माझी वाटणी ठरलेली आहे. जागा ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून काढलेला खुला नकाशा), ओळख विकिडेटावर आणि आजची परिस्थिती आपल्याकडच्या छोट्या फाइलीत. ओपनस्ट्रीटमॅपवर बंधाऱ्याला 'वॉटरवे=वीअर' हा टॅग लागतो. आपल्या के.टी. म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून बऱ्याच ठिकाणी वाहतूकही चालते, तिथे रस्त्याची रेघ वेगळी काढायची आणि तिला 'फ्लड प्रोन' (पुरात बुडणारा) हा टॅग जोडायचा. पण 'आज पाण्याखाली' हे तिथे चुकूनही लिहू नका. पाणी उतरल्यावर ते पुसायला कोण बसणार? लोक नकाशा मोबाईलवर उतरवून ठेवतात. दिवाळीतसुद्धा त्यांना रस्ता बंदच दिसेल. आणखी एक, ओपनस्ट्रीटमॅप प्रत्येक रेघेला देतो तो स्वतःचा आकडा कुणी रेघ नव्याने काढली की बदलू शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. बंधाऱ्याच्या टॅगमध्ये विकिडेटाचा क्रमांक लिहून ठेवला की काम भागतं.

बंधारे शोधायला बिंगची उपग्रहचित्रं चालतात. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेल्या दिवसांतलं चित्र मिळालं तर नदीला आडवी सरळ रेघ आणि वरच्या अंगाला तुंबलेलं पाणी पटकन नजरेत भरतं. गूगलच्या नकाशावरून मात्र टिपायचं नाही, ते परवान्यात बसत नाही. आणि ओव्हरपासच्या, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपमधून हवी ती माहिती काढून देणाऱ्या सेवेच्या, सार्वजनिक सर्व्हरला प्रत्येक पानागणिक हाका मारू नका. बंधारे एकदाच उतरवून त्यांची जिओजेसन (नकाशाच्या माहितीची) फाइल करा आणि वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटवर चढवा. खाली कोपऱ्यात 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' हा श्रेयोल्लेख हवाच.

आता मित्राचं म्हणणं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पातळी चढायला लागली की पुढचा प्रश्न ठरलेला : वर कुठल्या धरणांचं पाणी येतंय? विकिडेटात गोष्टी लहान विधानांत असतात. राधानगरी धरण भोगावतीवर आहे. भोगावती पंचगंगेला मिळते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नदी कुठे जाऊन मिळते, हे सांगणारा गुणधर्म पी४०३. स्पार्कलमध्ये, म्हणजे विकिडेटाला प्रश्न विचारायच्या भाषेत, त्याच्यापुढे अधिकचं (+) चिन्ह टाकलं की मध्ये कितीही नद्या येवोत, सगळी साखळी चालून वरच्या सगळ्या नद्या हाताला लागतात, मग त्यांच्यावरची धरणं शोधायची. एक्सेलमध्ये हे करायचं तर प्रत्येक पायरीला नवा रकाना. अर्थात कुणी ते विधान भरलेलंच नसेल तर ती नदी उत्तरात येणार नाही, म्हणून आलेली यादी डोळ्यांखालून घाला. घरी स्वतःचा ट्रिपल स्टोअर (अशी विधानं साठवायचा डेटाबेस) मात्र थाटू नका. सगळे रविवार तो चालू करण्यातच जातील आणि पंचगंगा तोवर ओसरलेली असेल.

प्रश्न : आमच्या पेठेतल्या तालमीची विकिडेटावर नोंद करायची आहे. स्थापनेचं साल बोर्डावर एक आणि जुन्या स्मरणिकेत दुसरं. कुठलं टाकू? शेजारची तालीम टपूनच बसली आहे.
— एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

उत्तर : दोन्ही टाका. गंमत नाही, सोय आहे तशी. स्थापनेचा गुणधर्म पी५७१. त्यात दोन सालं शेजारी शेजारी राहू शकतात, प्रत्येकाखाली त्याचा संदर्भ. नेमकं साल नसेल तर नुसतं दशक किंवा शतकही देता येतं. एकाला 'अग्रक्रम' देण्याचं बटण आहे, पण पुरावा भक्कम असल्याशिवाय त्याला हात लावू नका. शेजारच्यांकडे कात्रण असेल तर तेही त्यांना त्यांच्या नोंदीत भरू द्या.

नकाशावरचा 'स्पोर्ट=रेसलिंग' हा टॅग मात्र तांबड्या मातीचा हौदा चालू असेल तरच द्या. कित्येक तालमींत आता चर्चा फुटबॉलचीच. रागावू नका, मी पण पेठेतलाच आहे.

प्रश्न : माझा मुलगा तिशीचा, चांगली नोकरी आहे. पण सुट्टी आली की गाडी काढून आडगावातल्या विहिरी, देवळं मोबाईलवरच्या नकाशात टिपत फिरतो. एक पैसा मिळत नाही. पोलीस धरणार नाहीत ना? आणि लग्नाच्या बैठकीत काय सांगायचं?
— एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, धास्ती सोडा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नियम सैल केले. भारतीय माणसाला असा नकाशा करायला आधी परवानगी काढावी लागत नाही. लष्करी ठिकाणांपासून तेवढं लांब राहायला सांगा. परक्याच्या मळ्यात विहीर टिपायला शिरताना मालकाला हाक मारायची, हेही सांगा, कारण पोलिसांच्या आधी कुत्री येतात. पैशाचं म्हणाल तर खरंच मिळत नाहीत, ते लपवू नका.

बैठकीत सांगा, मुलाला तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांच्या वाटा तोंडपाठ आहेत. पाहुण्यांच्या घरी जाताना चौकात थांबून पत्ता विचारावा लागणार नाही.