कोलिस्टिनला डिस्क नको, नळ्या लावा

फोंड्यातल्या छोट्या लॅबमध्ये मशीन न घेता रेझिस्टंट (औषधांना दाद न देणाऱ्या) क्लेब्सिएला जंतूची कोलिस्टिन सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोलिस्टिन हे अँटिबायोटिक त्याच्यावर चालतं का याची चाचणी, करता येते का, आणि डिस्क (औषध शोषलेल्या कागदी चकत्या) कुठल्या कंपनीच्या घ्याव्या, असं विचारलंय तुम्ही. करता येते. पण प्लेटवर डिस्कभोवतीचा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजून करणार असाल तर करूच नका.

कोलिस्टिनचा रेणू मोठा, प्लेटमधल्या आगरमधून (जेलीमधून) जेमतेम सरकतो. मरणाऱ्या आणि न मरणाऱ्या जंतूच्या झोनमध्ये एखाद-दोन मिलिमीटरचा फरक, कधी तोही नाही. गोव्यातल्याच एका लॅबचा आयसीयू रिपोर्ट होता: मेरोपेनेम रेझिस्टंट, कोलिस्टिन १३ मिमी, 'सेन्सिटिव्ह'. तोच आयसोलेट (रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला जंतू) खालच्या पद्धतीने नळ्यांत घातला, तर सकाळी ४ मायक्रोग्रॅमची नळीही गढूळ, म्हणजे जंतू वाढलेलाच. दाखवल्यावर उत्तर आलं, "इतकी वर्षं डिस्कनेच करतो, कुणाची तक्रार नाही." तक्रार येणार कुठून? औषध लागू पडलं नाही की दोष सेप्सिसला जातो, झोनला नाही.

काचेच्या चार नळ्या घ्या. प्लास्टिकला कोलिस्टिन चिकटतं आणि मात्रा घटते. प्रत्येकीत १० मिली कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव). १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क अनुक्रमे ०, १, २, ४ टाका. मिलीला तेवढेच मायक्रोग्रॅम होतात. अर्धा तास टेबलावर ठेवा, औषध उतरू द्या. मग ०.५ मॅकफारलंडचं (हे गढूळपणाचं माप) जंतूंचं ताजं सस्पेन्शन प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर, ३५ अंशांवर १६ ते २० तास. बिनडिस्कची नळी गढूळ झाली नाही तर चाचणी रद्द. एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) ४ किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट. २ किंवा कमी आली तरी सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेप्रमाणे २०२० पासून 'इंटरमिजिएट'च लिहायचं.

कंपनीपेक्षा आपला पावसाळा सांभाळा. फ्रीजमधली कुपी गार असतानाच उघडली की दमट हवेचं पाणी डिस्कवर धरतं. आधी तासभर बाहेर ठेवा. इमिपेनेमच्या डिस्क ओलीने लवकर मरतात.

हे क्लेब्सिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनसपुरतं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसाठी (छोट्या खाचांत औषध पायरीपायरीने पातळ करून एमआयसी काढणं) बाहेर पाठवा. प्रोटियस, सेरेशियाला कोलिस्टिन मुळातच लागू नाही, त्यांच्यावर डिस्क खर्चू नका.

तुमच्याकडेही कुणी 'तक्रार नाही' म्हणालं तर एमसीआर-१ (कोलिस्टिनला रेझिस्टंट करणारं) जनुक असलेला ई. कोलाय एनसीटीसी १३८४६ हा प्रमाणित जंतू मागवा. त्याची एमआयसी ४ च्या आसपास ठरलेली आहे. एकाच सस्पेन्शनमधून प्लेट लावा आणि नळ्याही. सकाळी मोजपट्टी त्यांच्याच हातात द्या.