आधी मुलांची डॉक्टर, मग अ‍ॅलर्जीची

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. तिला लहानपणापासून बाळदमा, आता पंपावर (इनहेलरवर) तब्येत ठीक. तिला लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीची आणि दम्याचीच डॉक्टर व्हायचंय. असा थेट कोर्स आहे का? आणि तिला हे झेपेल का? – एक पालक, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. थेट कोर्स नाही. आधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस (इंटर्नशिप धरून), मग पुढच्या शिक्षणासाठीची ‘नीट पीजी’ परीक्षा आणि बालरोगात तीन वर्षांचं एमडी. सरकारी कॉलेज मिळालं तर मध्ये एक वर्षाची बंधपत्रित (बाँडची, सक्तीची) सेवा. पुढे मुलांच्या श्वसनविकारात तीन वर्षांचं डीएम (एमडीच्या वरची पदवी) दिल्लीच्या एम्समध्ये, चंदीगडच्या पीजीआयमध्ये होतं, जागा मोजक्या. म्हणजे तिशी ओलांडणार, हे घरात आत्ताच बोलून घ्या. अ‍ॅलर्जीचे छोटे कोर्सही दिसतील. ते एमडीनंतर जोड म्हणून ठीक, एमडीऐवजी नको.

एमडीच्या तीन वर्षांत अ‍ॅलर्जी थोडी; नवजात बाळं, जुलाब, डेंग्यू आणि रात्रपाळ्याच जास्त. रडक्या पोरांच्या गर्दीत तिचा जीव रमत नसेल, तर आवडता विषय हाती येण्याआधीच ती कंटाळेल.

हे काम कसं चालतं ते मी पुतण्यासोबत जाऊन पाहिलंय. डॉक्टरांनी त्याच्या हातावर पेनाने आकडे लिहिले, प्रत्येकापाशी अ‍ॅलर्जी आणणाऱ्या एकेका गोष्टीचा थेंब ठेवला, बारीक टोचलं. पंधरा मिनिटं पोरगं पंख्याकडे बघत बसलं. बुरशीच्या थेंबाखाली गांधी (खाजरा फुगवटा) उठली. मला वाटलं, झालं काम. पण खरी चौकशी तिथून सुरू झाली. खोकला कोणत्या महिन्यात? रात्री की पहाटे? कूलरच्या ताट्या (पाण्याने भिजणारे गवताचे पडदे, त्यांत बुरशी धरते) कधी बदलल्या? वहिनी गप्प. ताट्या मागच्या उन्हाळ्याच्या होत्या! आपल्या नागपुरात कूलर म्हणजे घरातला माणूसच, त्याच्यावर कोण संशय घेणार?

तेवढ्यात वहिनीने विचारलंच, “पंपाची सवय तर नाही ना लागणार?” डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं : पंपाच्या एका दाबात सॅल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) 100 मायक्रोग्रॅम, पाच मिलिलिटर सिरपमध्ये 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट; पंपात औषध उलट कमीच. हे समजावणं दिवसातून दहादा करावं लागत असेल. चिडक्या माणसाचं ते काम नव्हे.

तब्येतीचं म्हणाल, तर दमा आटोक्यात असला की डॉक्टर होण्याला आडकाठी नाही. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमधल्या फॉर्मॅलिनचा वास मात्र छातीला त्रास देऊ शकतो. तिच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, पंप एप्रनच्या खिशात असू द्या.

सध्या नीटच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, तिकडे लक्ष. आणि पुढच्या तपासणीला तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. आत तिला एकटीला जाऊ द्या, काय विचारायचं ते तिचं तिला ठरवू द्या.