कार्ड मशीनच्या करारातले शब्द समजत नाहीत, सही करू का?

भाऊ, पाचोऱ्यात कापडाचं दुकान टाकताय, बँकेचा माणूस ‘सरसकट १.८ टक्के’ म्हणून मशीन द्यायला बसलाय, आणि कागदातलं एमडीआर, इंटरचेंज, टी प्लस वन, चार्जबॅक काही डोक्यात शिरत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी चोपड्याला साड्या विकतो, मशीन बरीच वर्षं गल्ल्यावर आहे. सही करा, पण आज नका करू. त्याच्याकडून आधी कार्डाच्या प्रकारानुसार दरपत्रक लेखी घ्या. ‘सरसकट’ या शब्दातच गोम आहे.

घरी शेती असेल तर मार्केट यार्डाची पट्टी पाहिली असेलच. वर भाव, मग हमाली, तोलाई, आणि खाली हातात पडणारी रक्कम. शेतकरी भाव ऐकून घरी जात नाही, शेवटची ओळ बघतो. कार्डाच्या पैशालाही अशीच पट्टी लागते. एमडीआर म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. नावात डिस्काउंट आहे, पण सूट तुम्हाला मिळत नाही, तुमच्याकडून घेतली जाते. ही अडतच समजा, फक्त तिला वाटेकरी तीन. मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, त्यालाच इंटरचेंज म्हणतात. थोडं व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्यापैकी ज्याचं कार्ड त्या नेटवर्कला. उरलेलं तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेला, कागदात तिला ‘अॅक्वायरर’ लिहिलेलं असेल. समोर बसलेल्या माणसाशी घासाघीस करायची ती या तिसऱ्या वाट्यावर. पहिले दोन त्याच्याही हातात नसतात.

आता दर. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. आधीच्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, तेही एका व्यवहाराला २०० रुपयांपर्यंतच. उलाढाल त्यापुढे गेली की ०.९० टक्के आणि १,००० रुपये. रुपे डेबिट आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. म्हणून डेबिट कार्डालाही १.८ लावलेत असं कागदात दिसलं, तर तिथंच बोट ठेवा.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पाच हजारांची साडी क्रेडिट कार्डावर गेली, दर दोन टक्के, तर १०० रुपये कापले. त्या शंभरावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. तुमच्या खात्यात ४,८८२. साडीत दहा टक्के सुटत असतील तर पाचशेतले ११८ गेले, जवळजवळ पाव नफा! कापलं जातं बिलावर, नफ्यावर नाही, हे नवीन दुकानदाराला पहिला हंगाम संपेपर्यंत कळत नाही. तो १८ रुपयांचा जीएसटी नेहमीच्या नोंदणीत क्रेडिट म्हणून परत धरता येतो, कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत असाल, तर गेला. आणि ‘कार्डाला दोन टक्के जास्त’ अशी पाटी लावू नका. डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, असा नियमच आहे. मी लावली होती, एका मास्तरांनी सगळ्यांसमोर काढायला लावली.

टी प्लस वन म्हणजे विकल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. पण काही मशीनवर संध्याकाळी आपल्या हातानं ‘सेटलमेंट’ करावं लागतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या गर्दीत मी दोन दिवस ते विसरलो आणि व्यापाऱ्याचा चेक वटायच्या दिवशी खातं कोरडं. तुमचं मशीन आपोआप करतं का, हे विचारून घ्या.

‘मशीन फुकट शे, भो’ असं म्हणत असेल तर भाड्याचं कलम शोधा. बऱ्याचदा महिन्याला ठरावीक उलाढाल झाली तरच भाडं माफ असतं. आपल्याकडे आखाजी आणि लग्नसराई सोडली तर आषाढात, पितृपक्षात कोण साड्या घेतं? उलाढालीची अट वर्षाच्या हिशेबानं घालून मागा. मला मिळाली होती.

क्यूआरचं थोडक्यात. रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं. लहान दुकानदाराला त्यावर २,००० रुपयांपर्यंत काही लागत नाही, पुढे लागतं. पैसे आल्याचा आवाज देणाऱ्या डबीचं भाडं वेगळं. आणि गिऱ्हाइक म्हणालं ‘पैसे कटले’, पण तुमच्याकडे आले नाहीत, तर गल्ल्यातून रोख परत देऊ नका. असे पैसे पाच दिवसांत आपोआप त्याच्या खात्यात परत गेले पाहिजेत, उशीर झाला तर बँकेनं त्याला दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात.

राहिला चार्जबॅक, आणि यातच मी भाजलो. कार्डवाला आपल्या बँकेला सांगतो की ही खरेदी मी केलीच नाही. पैसे तुमच्या खात्यातून परत ओढले जातात आणि पुरावा तुम्ही द्यायचा. एका लग्नाच्या बस्त्याचं बिल असंच उलटलं. मशीनची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, पण तो उष्णतेवर छापणारा कागद. आपला मे महिना, पत्र्याखालचं दुकान, ड्रॉवर उघडला तर चिठ्ठी कोरी पांढरी. बँकेला काय दाखवणार? पैसे गेले. तेव्हापासून मोठ्या बिलाच्या चिठ्ठीचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढतो, आणि पक्क्या बिलावर गिऱ्हाइकाची सही घेतो. करारात एवढं बघा की चार्जबॅकला उत्तर द्यायला किती दिवस मिळतात आणि ती नोटीस येणार कुठे. माझी नोटीस अशा ई-मेलवर आली होती, जो मशीन घेताना बँकेच्या पोऱ्यानंच उघडून दिला होता.