अमेरिकेतील नव्या घरांच्या विक्रीच्या आकड्यांना एवढे महत्त्व का देतात?

कारण हा आकडा अर्थव्यवस्थेच्या वळणाची चाहूल इतर अनेक आकड्यांच्या आधी देतो, आणि बांधकाम व रोजगार यांच्यामार्फत ते वळण काही प्रमाणात घडवतोही. मूळ मोजणीच्या पद्धतीत आहे: अमेरिकेचा जनगणना विभाग आणि गृहनिर्माण खाते दरमहा प्रसिद्ध करत असलेल्या या आकडेवारीच्या व्याख्येनुसार, करारावर सही झाली किंवा अनामत रक्कम स्वीकारली गेली की विक्री झाली असे धरतात, मग घराचा पायाही खणलेला नसला तरी चालते. जुन्या घरांची विक्री मात्र व्यवहार पूर्ण झाल्यावर मोजली जात असल्याने गृहकर्जाच्या व्याजदरातील बदलाचा परिणाम नव्या घरांत सहसा महिना-दोन महिने आधी दिसतो. एकूण विक्रीत नव्या घरांचा वाटा लहान असला, तरी प्रत्येक घरामागे लाकूड, सिमेंट, सुतार, प्लंबर आणि पुढे फर्निचर अशी मागणी उभी राहते. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याने ती तेवढी वाढत नाही, आणि माझ्या मते हाच मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. २००५ च्या मध्यास ही विक्री वार्षिक सुमारे १४ लाख घरांच्या दराने शिखरावर होती व नंतर घसरत गेली. मंदीची अधिकृत सुरुवात डिसेंबर २००७ ची मानतात. मात्र एकाच महिन्याच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये, कारण तो नमुना पाहणीवर आधारलेला असतो, पुढे त्यात दुरुस्त्या होतात आणि रद्द झालेले करार त्यातून वजा केले जात नाहीत.